रांगेचा बंदोबस्त

संगणकांच्या जाळ्यात वाहतुकीच्या वेगाला मर्यादा घालणाऱ्या माणसाविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की, ज्याने शंभर मागितले त्याला दहा देणे आणि उरलेले नव्वद कुठेतरी कुलपात ठेवणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. महाविद्यालयाच्या राउटरची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून ही समजूत मला विद्यार्थ्यांच्या, प्राध्यापकांच्या आणि कार्यालयातील लिपिकांच्याही बोलण्यात वारंवार आढळली आहे, आणि तीत त्यांचा काही दोष नाही. कारण जोडणी विकली जाते ती वेगाच्या आकड्यावर, तक्रार येते तीही वेगाविषयी, आणि राउटरच्या पडद्यावर जो रकाना भरायचा असतो त्यावरही कमाल वेग एवढेच शब्द असतात. परंतु हे काम ज्याने काही काळ मन लावून केले आहे त्याला हळूहळू उमगते की, या विद्येचा जीव वेगाच्या आकड्यात थोडा आणि प्रतीक्षेत फार आहे, आणि राउटरवर बसून आपण जे काही ठरवतो ते मुख्यतः हेच की रांग कोणाच्या दारात लागावी, तीत कोणी किती वेळ उभे राहावे, आणि ती फार लांबली तर कोणाला केव्हा परत पाठवावे.

या सगळ्याच्या बुडाशी एक भौतिक वस्तुस्थिती आहे. सेकंदाला शंभर मेगाबिट वाहणाऱ्या तारेवरून निघणारे मजकुराचे प्रत्येक पॅकेट शंभर मेगाबिटांच्या वेगानेच निघते. तारेला सावकाश बोलणे ठाऊक नाही, ती एकतर पूर्ण वेगाने बोलते किंवा गप्प राहते. पूर्ण आकाराचे पॅकेट १,५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे असते आणि अशा तारेवर ते १२० मायक्रोसेकंदांत निघून जाते. तेव्हा वसतिगृहातील एखाद्या खोलीला दोन मेगाबिटांची मर्यादा घालायची म्हणजे तिचे एक पॅकेट सोडल्यावर दुसरे सरासरीने सहा मिलिसेकंदांनी सोडायचे, आणि मधली सुमारे ५.८८ मिलिसेकंदे त्या खोलीपुरती तार मुकी ठेवायची. ज्याला आपण कमी वेग म्हणतो तो अशा रीतीने योजून ठेवलेल्या मौनाचा परिणाम असतो, आणि वेगाचे नियंत्रण हे मूलतः कालगणनेचे काम ठरते.

ही कालगणना राउटर ज्या रीतीने ठेवतो तिला टोकन बकेट म्हणतात. एक आकडा ठरलेल्या गतीने वाढत राहतो, दोन मेगाबिटांकरिता दर मिलिसेकंदाला २५० बाइट या हिशेबाने, आणि पॅकेटाच्या आकाराइतकी वजाबाकी त्या आकड्यातून झाल्यावाचून पॅकेटाला हद्दीबाहेर पडण्याची मुभा मिळत नाही. मात्र हा आकडा अनिर्बंध वाढू दिला तर रात्रभर स्वस्थ राहिलेली खोली सकाळी एका दमात सगळी शिल्लक खर्च करून इतरांची वाट अडवील, सबब त्या वाढीला एक कमाल हद्द घालतात आणि तिलाच बर्स्ट असे नाव आहे. नवशिक्याचे लक्ष गतीच्या रकान्यावर खिळलेले असते. मुरलेला माणूस बर्स्टचा रकाना आधी वाचतो. १५,००० बाइटांचा बर्स्ट दिला तर पूर्ण आकाराची दहा पॅकेटे सलग निघून जातात, आणि साधा मजकूर वाचणाऱ्याला आपल्यावर काही मर्यादा आहे याची जाणीवही होत नाही. उलट तो फार आखूड ठेवला तर घड्याळच आडवे येते: ज्या जुन्या लिनक्स यंत्रांत घड्याळाचा ठोका सेकंदाला शंभर वेळा पडत असे, तेथे दोन ठोक्यांमधल्या दहा मिलिसेकंदांत १० मेगाबिटांच्या हिशेबाने १२,५०० बाइटांची परवानगी साठायला हवी, आणि बर्स्ट त्याहून लहान असेल तर वरची परवानगी वाया जाऊन दहा मेगाबिट लिहिलेली जोडणी दहा मेगाबिट कधीच देत नाही.

परवानगी शिल्लक नसताना आलेल्या पॅकेटाचे काय करावे, याविषयी दोन रीती रूढ आहेत. ते जागच्या जागी नामंजूर करून टाकून देण्याच्या रीतीला पोलिसिंग म्हणतात, आणि रांगेत उभे करून पाळी येताच सोडण्याच्या रीतीला शेपिंग. अगणित ग्राहकांच्या रांगा सांभाळण्यापेक्षा टाकून देणे यंत्राला स्वस्त पडते, म्हणून वरच्या पुरवठादाराच्या बाजूला पुष्कळदा पोलिसिंग आढळते. आणि त्याचा बर्स्ट आखूड असला की विकत घेतलेल्या वेगाहून बराच कमी वेग पदरात पडतो, कारण टीसीपी या यंत्रांमधल्या संवादाच्या शिस्तीतील परंपरागत नियमाप्रमाणे पाठवणारे यंत्र पॅकेट हरवताच आपला वेग निम्म्यावर आणते आणि मग एकेक पायरी चढत पुन्हा वर येते. आमच्याकडे काही काळ हेच चालले होते. लाइन कागदावर पूर्ण होती आणि मोजमापात अपुरी. आमच्याच राउटरने बाहेर जाणारी वाहतूक कबूल वेगाच्या किंचित खाली आणून समान अंतराने सोडायला आरंभ केला, तेव्हा वर नाकारण्याजोगे काही पोहोचेनासे झाले आणि अपलोडचा आकडा कागदाच्या जवळ येऊन स्थिरावला. मर्यादा घातल्याने वेग वाढतो हे विधान ऐकणाऱ्याला विपरीत वाटते, पण या व्यवसायात त्याचा दाखला नेहमी मिळतो.

टीसीपीचा हा माघार घेण्याचा नियम आरंभापासून नव्हता, आणि तो का आला हे प्रत्येक नेटवर्क प्रशासकाने जाणून घेण्यासारखे आहे. १९८६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ या अवघ्या ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधली वाहतूक सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळली. तार तुटलेली नव्हती, यंत्रे बंद पडलेली नव्हती. रांगेत अडकलेले पॅकेट हरवले असे समजून प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत होते, आणि तार आधीच पोहोचलेल्या किंवा पोहोचू घातलेल्या मजकुराच्या प्रतींनी भरून गेली होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल केरल्स यांनी त्यावर जो उपाय शोधला आणि १९८८ साली प्रसिद्ध केला, त्याचे सार असे की पॅकेट हरवले तर गर्दी झाली असे समजून पाठवणाऱ्याने आपण होऊन मागे सरावे. त्याच १९८६ साली आपल्याकडे अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचा प्रकल्प सुरू होत होता, आणि जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था व पवईची आयआयटी यांचा त्याच्या पहिल्या घटकसंस्थांत समावेश होता. म्हणजे आपण या जाळ्यात पाऊल ठेवत होतो ते त्याच्या पहिल्या मोठ्या कोंडीच्याच सुमारास. त्या उपायाचे मला विशेष महत्त्व वाटते ते यासाठी की, कोणत्याही मध्यवर्ती सत्तेचा हुकूम नसताना जगभरच्या यंत्रांना एकमेकांकरिता थांबायला त्याने शिकवले, आणि हे सौजन्य आजही प्रत्येक क्षणी पाळले जाते म्हणूनच आपले काम चालते.

पण या सौजन्याला एक अट आहे: मागे सरण्याची सूचना वेळेवर मिळाली पाहिजे. आणि नेमकी तीच सूचना पुढच्या काळात उशिरा मिळू लागली, कारण स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्या आणि यंत्रे बनवणाऱ्यांना वाटले की पॅकेट टाकून देणे हे पाप असून ते साठवून ठेवणे हे पुण्य आहे. वास्तविक जॉन नेगल यांनी १९८५ सालीच दाखवून दिले होते की अमर्याद साठा असलेल्या यंत्रातही कोंडी टळत नाही. रांग इतकी लांबते की बाहेर पडेपर्यंत पॅकेटांचे आयुष्यच संपलेले असते. तरीही घरोघरच्या मोडेमांत मोठाले बफर, म्हणजे पॅकेटे साठवण्याच्या जागा, बसवले गेले. एक मेगाबिट अपलोडच्या लाइनीवर २५६ किलोबाइटांचा बफर भरला की त्याच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटाला दोन सेकंदांहून अधिक थांबावे लागते. आणि टीसीपीचा स्वभाव असा की पॅकेट हरवेपर्यंत ते वेग वाढवतच जाते, म्हणून बफर कितीही मोठा असो, तो भरल्यावाचून राहत नाही. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या विकाराला बफरब्लोट हे नाव दिले आणि लोकांचे डोळे उघडले. एका खोलीत कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असेल तर शेजारच्या खोलीतले दूरध्वनी संभाषण तुटते, वेगाची चाचणी मात्र उत्तम निकाल दाखवते. कारण ती चाचणी किती माल गेला हे मोजते, कोण किती वेळ ताटकळले हे तिच्या निकालात ठळकपणे येत नाही.

यावरचा जो उपाय मी आज वापरतो त्याच्याइतकी निर्मळ रचना मला या क्षेत्रात क्वचितच दिसली आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेल्या कोडेल या रीतीत रांगेची लांबी मुळी मोजलीच जात नाही. प्रत्येक पॅकेटावर ते रांगेत आले त्या क्षणाची नोंद होते, आणि बाहेर पडताना ते किती वेळ थांबले एवढेच पाहिले जाते. घटकाभर गर्दी झाली आणि ओसरली तर त्यात काही बिघडत नाही, असे मानून ही रीत स्वस्थ राहते. पण १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही प्रतीक्षा पाच मिलिसेकंदांच्या खाली उतरली नाही, तर ही रांग प्रसंगोपात्त नसून ठाण मांडून बसलेली आहे असा निर्णय होतो आणि एक पॅकेट टाकले जाते. ते टाकले जाते रांगेच्या तोंडाशी, शेपटाशी नव्हे, म्हणजे पाठवणाऱ्याला खबर सगळी रांग सरकण्याआधीच लागावी. आणि तरीही रांग हटली नाही तर पुढची पॅकेटे उत्तरोत्तर कमी अंतराने टाकली जातात. पाठवणाऱ्या यंत्राला कळणारी मुख्य भाषा पॅकेट हरवण्याचीच आहे. त्या भाषेत योग्य क्षणी उच्चारलेला एक शब्द हजारो पॅकेटांचा खोळंबा टाळतो, आणि म्हणून नकार देणे हा या कामातला निष्ठुरपणा आहे असे मी मानत नाही. निष्ठुर असतो तो उशिराचा नकार.

मात्र ही सर्व यंत्रणा तेव्हाच कामाची, जेव्हा रांग आपल्या राउटरात लागते. आपल्या लाइनीचा सर्वांत अरुंद भाग पुरवठादाराच्या यंत्रात असेल तर रांग तेथे लागणार, आणि तेथे आपला हुकूम चालत नाही. बाहेरून येणाऱ्या वाहतुकीच्या बाबतीत तर अडचण अधिकच, कारण पॅकेट आपल्या दाराशी पोहोचते ते तार ओलांडूनच. म्हणून आपण आपल्या हद्दीत मुद्दाम एक किंचित अधिक अरुंद वाट करतो: १०० मेगाबिटांच्या लाइनीवर ९३ किंवा ९५ची मर्यादा घालतो, म्हणजे वरची रांग विरून ती आपल्या राउटरात येते आणि आपल्या नियमांच्या कक्षेत राहते. आमच्या कुलसचिवांनी मला एकदा विचारले, "अहो, आपण शंभराचे पैसे मोजतो आणि तुम्ही त्यातले पाच-सात रोज सोडून देता, हे लेखापरीक्षकांना मी कसे सांगू?" मी म्हणालो, "साहेब, त्या पाच-सातांच्या मोबदल्यात उरलेल्या त्र्याण्णवांवर आपला अंमल बसतो. ते न सोडले तर शंभरच्या शंभर दुसऱ्याच्या रांगेत उभे राहतात." त्यांनी परीक्षा विभागातल्या दूरचित्र-बैठकीच्या वेळी दोन्ही तऱ्हांनी मोजमाप घ्यायला सांगितले, आणि लाइन भरलेली असताना पिंगचा, म्हणजे उत्तर परत येण्याचा, काळ कसा बदलतो हे कागदावर पाहिल्यावर तजवीज मंजूर केली.

रांग हातात आली की न्यायाचा प्रश्न उभा राहतो, आणि मला या कामातला सर्वांत सकस भाग तोच वाटतो. सगळ्यांना एकाच रांगेत उभे केले तर जो अधिक पॅकेटे घुसवतो तो अधिक जागा अडवतो. सबब प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे दोन यंत्रांमधल्या प्रत्येक जोडणीला, स्वतंत्र रांग देऊन पाळीपाळीने एकेकाला सोडावे, ही नेगलांची सूचना. डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी १९८९ साली तिला पॅकेटांचे लहानमोठे आकार जमेस धरून शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि श्रीधर व जॉर्ज वर्गीस यांनी १९९५ साली ती इतक्या स्वस्तात अमलात आणून दाखवली की साध्या यंत्रांनाही ती परवडू लागली. यांतले वर्गीस हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. त्यांच्या रीतीत प्रत्येक रांगेला फेरीगणिक ठराविक बाइटांचा हिस्सा मिळतो आणि पुढचे पॅकेट त्या हिश्शात मावत नसेल तर उरलेली बाकी पुढील फेरीत तिच्या नावे जमा राहते. मोठ्या पॅकेटवाल्याला फायदा नाही आणि तोटाही नाही.

पण पाळी लावायची कोणाच्या नावे? प्रवाहाच्या नावे लावली तर डाउनलोडचा एखादा कार्यक्रम एकाच फायलीसाठी सोळा जोडण्या उघडतो आणि सोळा वाटे घेऊन बसतो, तर शेजारी एकच पान वाचणाऱ्याच्या वाट्याला एक येतो. हा पेच महाराष्ट्राला पाण्याच्या रूपाने परिचित आहे. कालव्याच्या शेजपाळीत पाळी फिरते ती शेतांवरून, आणि ज्याचे शेत मोठे त्याचे तास अधिक. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने मात्र जमिनीचा हिशेब बाजूला ठेवून कुटुंबातील माणसे मोजली आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा दिला. राउटरवर मी तोच पक्ष घेतला आहे. लिनक्सच्या गाभ्यात २०१८ साली दाखल झालेल्या केक या व्यवस्थेत वाहतूक आधी यंत्रांत समान वाटली जाते आणि मग प्रत्येक यंत्राचा वाटा त्याच्या प्रवाहांत. मायक्रोटिकच्या राउटरवर पत्त्यागणिक रांगा पाडणारी पीसीक्यू पुष्कळसे तेच साधते. येथे एक अडचण आहे: राउटरच्या बाहेरच्या तोंडावर सगळ्या विद्यार्थ्यांचे पत्ते एकाच सार्वजनिक पत्त्याआड झाकलेले असतात, म्हणून आतला खरा पत्ता पाहण्याची आज्ञा केकला वेगळी द्यावी लागते, नाहीतर तिला सबंध वसतिगृह एकच मनुष्य भासते. आणि यंत्र म्हणजे माणूस नव्हे, हेही खरे. ज्याच्याकडे फोन व लॅपटॉप दोन्ही आहेत त्याला दोन वाटे मिळतात. लॉगिनच्या नावावरून दोन्ही एका रांगेत आणणे शक्य आहे, आणि ते केल्यावाचून मी स्वस्थ बसणार नाही.

पॅकेटांवर लावल्या जाणाऱ्या प्राधान्याच्या खुणांवर माझा भर त्या मानाने थोडा आहे. दूरध्वनीच्या आवाजाला अग्रक्रम जरूर द्यावा, कारण तो मागतो अगदी थोडे: जुन्या ६४ किलोबिटांच्या प्रमाणातही शीर्षके धरून एका संभाषणाला सुमारे ८० किलोबिट पुरतात, आणि त्याला हवे असते ते एवढेच की आवाज दीडशे मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचावा. पण त्या अग्रक्रमालाही कमाल मर्यादा हवी, आणि आतून आलेली खूण सीमेवर पुसून आपली लावावी. याहून अधिक वर्गवारी करणाऱ्याला कालांतराने आपल्याच कोष्टकाचा अर्थ लागेनासा होतो.

मला जी गोष्ट खरोखर मोलाची वाटते ती वर्गवारीवाचून साधते. कोडेल आणि स्वतंत्र रांगा यांचा मेळ घालणारी एफक्यू-कोडेल आणि तिच्यानंतरच्या रीतींत नव्याने आलेल्या प्रवाहाला जुन्यांच्या आधी पाळी मिळते, आणि आपल्या हिश्शाहून कमी मागणारा प्रवाह जवळजवळ न थांबता पार होतो. हिस्सा संपवणारा जुन्यांच्या यादीत जाऊन बसतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असते त्या रात्री वसतिगृहात कोणी खेळाची अनेक गिगाबाइटांची नवी आवृत्ती उतरवत असतो, आणि कोणी उत्पन्नाच्या दाखल्याची छोटीशी प्रत चढवून मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची वाट पाहत असतो. दुसऱ्याची वाहतूक पहिल्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण तिच्यावर एका वर्षाचे शुल्क अवलंबून असते. राउटरला यातले काही ठाऊक नाही. विद्यार्थ्याचे नाव, जात, वर्ग, अर्जाचे महत्त्व, काहीही त्याला सांगावे लागत नाही आणि सांगूही नये, कारण पॅकेट उघडून वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही असे माझे मत आहे. जो थोडे मागतो त्याला आधी वाट द्यावी, एवढ्या एका नियमाने त्या मुलाचा अर्ज जातो, आणि खेळ उतरवणाऱ्याला होणारा उशीर त्याच्या लक्षातही येत नाही.

गेल्या काही काळात आमची लाइन शंभर मेगाबिटांवरून एक गिगाबिटावर गेली, आणि राउटरातली रांग बहुतांश वेळ रिकामी दिसू लागली. तक्रारी मात्र पूर्णपणे थांबल्या नाहीत, कारण अरुंद जागा आता वसतिगृहाच्या ओसरीवरील अ‍ॅक्सेस पॉइंटांत सरकली आहे. तेथे वाय-फायचा मूळ नियम प्रत्येकाला बोलण्याची समान संधी देतो, समान वेळ देत नाही: सहा मेगाबिटांवर अडकलेला कोपऱ्यातल्या खोलीतला फोन १,५०० बाइटांना केवळ प्रक्षेपणासाठी दोन मिलिसेकंदे हवा अडवतो, तेच काम ५४ मेगाबिटांवरचा फोन त्याच्या नवव्या हिश्शात करतो, आणि सगळी ओसरी त्या संथ फोनच्या चालीने चालू लागते. हवेतल्या वेळेचे समान वाटप करणारी व्यवस्था लिनक्सच्या काही वाय-फाय चालकांत २०१७च्या सुमारास आली आहे, पण ती प्रत्येक यंत्रात नसते. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट बदलण्याचा प्रस्ताव या वर्षीच्या अंदाजपत्रकात घालताना मी कमाल वेगाचा रकाना खाली सरकवला, त्याच्या वर हवेतल्या वेळेच्या समान वाटपाची अट लिहिली, आणि स्वीकृतीची चाचणी सगळी ओसरी वापरात असताना, कोपऱ्यातल्या त्या खोलीतूनच घेतली जाईल असे कलम घातले आहे.